कासव पेटीत नको, चिल्लरमध्ये हवं

समुद्रातल्या जीवांची चित्रं असलेल्या स्मारक नाण्यांचा विषय काढला की मला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. नाणी जमवणारी जाणती मंडळी म्हणतात, ‘ही नाणी चलनात यायची नसतातच. थोडी पाडायची, पेटीत घालून विकायची, घेणाऱ्यानं जपून ठेवायची. त्यातच त्यांचं मोल.’ आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात, कांद्याच्या लिलावाला आलेला शेतकरी असो की एसटी स्टँडवरचा टपरीवाला, म्हणतो, ‘भाऊ, आपला अन् समुद्राचा काय संबंध? इथं कांदा पिकतो, डाळिंब पिकतं. कासव अन् डॉल्फिन कोकणातल्यांनी बघावं.’

मला दोन्ही उत्तरं मान्य नाहीत, आणि ती का मान्य नाहीत हे सविस्तर सांगण्यासाठीच हा लेख आहे. माझी मागणी साधी आहे. भारत सरकारनं रोजच्या व्यवहारातल्या एक, दोन आणि पाच रुपयांच्या नाण्यांवर आपल्या समुद्रातले जीव आणावेत, आणि ती नाणी इतक्या संख्येनं पाडावीत की आमच्या तालुक्यातल्या उमराण्याच्या बाजारात कुणी चिल्लरची पिशवी उलटी केली तर त्यात कासव सापडलंच पाहिजे.

आधी जाणत्यांचं बोलू. ‘स्मारक नाणं चलनासाठी नसतं’ हे विधान भारतापुरतं तरी सपशेल चूक आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंचं. पन्नास पैसे आणि एक रुपया अशा दोन किमतींत ते निघालं आणि भाजीबाजारात झिजलं. १९९० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा रुपया आला. १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचा रुपया आला आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं आलं. ही नाणी मिळवायला कुणाला फॉर्म भरावा लागला नाही की आगाऊ पैसे पाठवावे लागले नाहीत. किराणा दुकानातून सुट्टे परत मिळाले आणि त्यात ज्ञानोबा निघाले, असं घरोघरी झालं.

समुद्राच्या विषयाचंही तसंच झालं होतं, हे आज फार थोड्यांना आठवतं. १९७० पासून भारतानं जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या विषयांवर बरीच नाणी काढली. सर्वांसाठी अन्न, नियोजित कुटुंब, ग्रामीण स्त्रियांची प्रगती, असे ते विषय. १९८६ चा विषय होता मत्स्यव्यवसाय. तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं पन्नास पैशांचं नाणं, पाच ग्रॅम वजनाचं, २४ मिलिमीटर व्यासाचं. संग्राहकांसाठी मोठ्या दर्शनी किमतीची नाणीही त्याच विषयावर निघाली, ती कपाटांत गेली. पन्नास पैशांचं मात्र देशभर फिरलं. माझ्याकडचं नाणं देवळ्याच्या आठवडे बाजारात सुट्ट्या पैशांत आलेलं आहे. उंचवटे घासून सपाट झालेत, मूळची चकाकी जाऊन धातूला मळकट राखाडी रंग आलाय, पण १९८६ हे साल अजून नखानं चाचपता येतं. ही झीज म्हणजेच त्या नाण्याचं काम झाल्याची खूण आहे. संग्राहकाच्या तराजूत अशा नाण्याला किंमत नसते. माझ्या मते ज्या नाण्याला ओरखडाही गेला नाही, त्यानं आपला विषय कुणापर्यंत पोचवलेलाच नाही.

त्याच काळातलं पंचवीस पैशांचं नाणं आठवा. १९८८ ते २००२ या वर्षांतली ती छोटी पोलादी चकती आणि तिच्यावरचा एकशिंगी गेंडा. काझीरंगा नकाशात कुठं आहे हे न सांगता येणाऱ्या मुलांनाही तो गेंडा ओळखीचा होता, कारण गोळ्या-बिस्किटांचे पैसे त्याच्याच रूपात मुठीत असायचे. जून २०११ अखेर पंचवीस पैसे चलनातून गेले. त्यानंतर प्राण्यांचं काय झालं? एप्रिल २०२३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाला पन्नास वर्षं झाली म्हणून म्हैसूरला पंतप्रधानांच्या हस्ते पन्नास रुपयांचं नाणं निघालं. ते देवळ्यात कुणी खर्चायला काढल्याचं मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही, कारण ते चलनासाठी काढलेलंच नाही. त्याच वर्षी नव्या संसद भवनाचं पंचाहत्तर रुपयांचं नाणं आलं. पस्तीस ग्रॅम वजन, त्यातली निम्मी चांदी, ४४ मिलिमीटर व्यास. ज्या वस्तूची बाजारातली किंमत तिच्यावर छापलेल्या आकड्याच्या कितीतरी पट असते, ती वस्तू कुणी खर्चत नाही. म्हणजे गेल्या काही वर्षांत आपण हळूहळू स्मारक नाण्याला बाजारातून उचलून कपाटात नेऊन ठेवलंय. ही परंपरा नव्हे. हा अलीकडचा बदल आहे आणि तो चुकीचा आहे.

नाणं हे लोकांशी बोलण्याचं साधन आहे, हे आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं ठोकलेली आहेत. नहपानाच्या चेहऱ्यावरच, खालचं चित्र पुरतं न पुसता. विजय मिळवलेल्या राजाला नवी, देखणी नाणी पाडून दरबारात वाटता आली असती. त्यानं ती वाट धरली नाही. लोकांच्या कनवटीला जी नाणी होती तीच गोळा केली, त्यांच्यावर आपला शिक्का मारला आणि परत बाजारात सोडली. राज्य बदललं ही बातमी ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्याही हातात पोचली. दोन हजार वर्षांपूर्वी जे कळलं होतं, ते आज आपण विसरतोय.

आणि हेच सातवाहन समुद्रालाही विसरले नव्हते. गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, कोरवून घेतलेला लेख आहे. आपल्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असा अभिमान त्यात आहे. हा लेख कुठल्या बंदरावर कोरलेला नाही, नाशिकच्या डोंगरात कोरलेला आहे. नाशिकच्या मातीला समुद्र परका आहे असं म्हणणाऱ्यानं तो एकदा जाऊन पाहावा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था १९८० पासून आहे. नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. आमच्या शेजारच्या चांदवडला मराठेशाहीत टांकसाळ होती, तिथले चांदोरी रुपये प्रसिद्ध होते. पैसा कसा घडतो आणि कसा फिरतो, हे पाहिलेला हा मुलूख आहे.

आता जगभर विकल्या जाणाऱ्या ‘सागरी जीवन’ नाण्यांकडे वळतो. संग्राहक मित्र याच नाण्यांचे दाखले देतात. रंगीत मासे, चमकणारी प्रवाळं, शार्क, समुद्री कासवं. चांदी शुद्ध, चित्रकारी अप्रतिम. ती कारागिरी मी नाकारत नाही. पण पलाऊचं उदाहरण घ्या. प्रशांत महासागरातल्या या छोट्या द्वीपदेशाच्या नावानं १९९२ पासून ‘सागरी जीव संरक्षण’ मालिकेची नाणी निघतात. पलाऊ स्वतंत्र झाला १ ऑक्टोबर १९९४ ला. म्हणजे देश व्हायच्या आधी त्याच्या नावाची संग्राह्य नाणी बाजारात होती. पलाऊचं रोजचं चलन अमेरिकी डॉलर. ज्या नाण्यावर त्याच्या समुद्रातला मासा आहे, ते नाणं घेऊन तिथला कोळी दुकानात जात नाही. नियू या बेटाचंही तेच. नियूच्या नावाची, कासवाचं चित्र असलेली चांदीची नाणी जगभर विकली जातात आणि नियूतले लोक न्यूझीलंडचा डॉलर वापरतात. अशा व्यवहारात देशाला नाव वापरू दिल्याचा मोबदला मिळतो, टांकसाळीला आणि विक्रेत्याला नफा मिळतो, संग्राहकाला सुंदर वस्तू मिळते. हे सगळं कायदेशीर आहे. पण याला सागरी जीवांचं संरक्षण म्हणू नये. पलाऊनं समुद्र खरोखर राखला तो कायद्यानं. २००९ मध्ये सगळा समुद्र शार्कसाठी अभयारण्य केला, २०२० पासून आपल्या सागरी क्षेत्राच्या ऐंशी टक्के भागात मासेमारी बंद केली.

याउलट मालदीव पाहा. त्यांच्या पन्नास लारींच्या नाण्यावर समुद्री कासव आहे, पाच लारींवर बोनिटो मासे, दोन रुफियांवर शंख. ही सगळी रोजच्या वापरातली नाणी. सिंगापूरनं १९६७ मध्ये पहिली नाणी काढली तेव्हा दहा सेंटांवर समुद्रघोडा, वीस सेंटांवर तलवार मासा आणि पन्नास सेंटांवर सिंहमासा घेतला. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर कवी येट्स यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं नाण्यांची चित्रं ठरवली. १९२८ च्या फ्लोरिनवर सामन मासा आला आणि युरो येईपर्यंत, २००२ पर्यंत, आयरिश नाण्यांवर टिकला. ब्रिटनमध्ये राजे चार्ल्स यांच्या नव्या नाण्यांत, २०२३ मध्ये, पन्नास पेन्सवर सामन आहे. आणि या सगळ्यांच्या फार आधी, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, ग्रीसजवळच्या एजायना बेटानं चांदीच्या नाण्यावर समुद्री कासव उमटवलं. त्याच्या पाठीच्या कण्यावरून ठिपक्यांची एक रांग उतरते, मागच्या बाजूला ठशाचा खोलगट चौकोन. ग्रीक जगात दूरवर लोक ते कासव पाहून नाणं घेत. पेटीत ठेवायचं म्हणून ते काढलेलं नव्हतं.

मी तालुक्यातल्या शाळांत कधीमधी माझा नाण्यांचा डबा घेऊन जातो. मालदीवचं कासव आणि एखादं बेटावरचं चमकदार चांदीचं नाणं शेजारी शेजारी ठेवलं की मुलं आधी चांदीच्या नाण्यावर झेप घेतात. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘सर, हे दुकानात चालतं का?’ ‘नाही चालत’ म्हटलं की ते नाणं खाली ठेवलं जातं आणि मालदीवचं कासव हातोहात फिरायला लागतं. कुणी ते उलटंपालटं करतं, कुणी दातानं दाबून पाहतं. एका मुलीनं विचारलं, ‘मग तिकडच्या पोरांना कासव रोज दिसतं?’ या प्रश्नानंतर मला चलनातल्या नाण्याची बाजू मांडायला वेगळा पुरावा लागला नाही.

गुंतवणुकीचा मुद्दा मात्र नुसता मतभेदाचा नाही, त्यानं माणसं नागवली जातात. ‘मर्यादित संख्या’, ‘प्रमाणपत्रासह’, ‘पुढच्या पिढीसाठी ठेवा’ अशा शब्दांनी ही नाणी विकली जातात. घेताना चांदीची किंमत, घडणावळ, पेटी, कर आणि विक्रेत्याचा नफा असं सगळं आपण देतो. विकायला सराफाकडे गेलं की तो वजन करतो. जास्त पैसे देणारा दुसरा हौशी संग्राहक शोधायचा, तर देवळ्यात तो कुठं मिळणार? याच ‘दुर्मीळ’ शब्दाच्या आधारानं मोबाइलवर जाहिराती येतात की वैष्णोदेवीचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कराचे भरा, मग कमिशनचे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपला संबंध नाही आणि कुणालाही असं शुल्क घ्यायचा अधिकार दिलेला नाही. नाण्याकडे लॉटरीचं तिकीट म्हणून पाहायची सवय लागली की फसवणाऱ्यांचं काम सोपं होतं. चलनात मुबलक असलेल्या नाण्याच्या नावानं अशी थाप मारणं अवघड जातं, कारण ते प्रत्येकाच्या खिशात असतं.

इथं माझ्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नाण्यावर चित्र आल्यानं प्राणी वाचतो का? नाही वाचत. आयर्लंडच्या नाण्यावर सामन सात दशकांहून जास्त काळ होता, तरी अटलांटिक सामनची संख्या घटत गेली आणि २०२३ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची स्थिती आणखी खालावलेली दाखवावी लागली. प्राणी वाचतो तो कायद्यानं, पैशानं आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या कष्टानं. आपल्याकडे देवमुशाला, म्हणजे व्हेल शार्कला, २००१ मध्ये वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण मिळालं. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची शिकार व्हायची. तिथं रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना आवाहन केलं, तेव्हा त्याच कोळ्यांनी जाळी कापून देवमुशांना सोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रानं २०१८ च्या अखेरीस योजना आणली की संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि तो सोडवताना जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं काम उभं केलं. गावकऱ्यांनी ते आपलं मानलं आणि कासव महोत्सव भरवला.

हे सगळं मान्य करूनच मी विचारतो. जाळ्याच्या भरपाईचे पैसे कुठून येतात? सरकारी तिजोरीतून. तिजोरी कुणाची? देवळ्यातल्या माणसाचीही. मग त्याला हे माहीत असायला नको का? पंचवीस हजारांच्या योजनेबद्दल मी इथं जितक्यांना विचारलं, त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. कायदा करणाऱ्याला लोकांचा पाठिंबा लागतो आणि ज्याची ओळखच नाही त्याला लोक पाठिंबा देत नाहीत. नाण्याकडून मी ओळखीपलीकडे काही मागत नाही. ओळख करून देण्याचं काम मात्र त्याच्याइतकं स्वस्तात आणि इतक्या दूरवर दुसरं कुणी करू शकत नाही.

आता ‘देवळ्याला समुद्र नाही’ याचं. लोहोणेरजवळ गिरणेच्या पुलावर उभं राहा. हे पाणी मालेगाववरून जळगाव जिल्ह्यात जातं, तापीला मिळतं आणि तापी सुरतजवळ अरबी समुद्रात उतरते. आपल्या शेतातला मल्चिंग पेपर, ठिबकच्या तुटक्या नळ्या, औषधांच्या बाटल्या, दुकानातल्या कॅरीबॅग, यातलं जे ओढ्याला लागतं त्याचा शेवटचा मुक्काम तोच. समुद्रात तरंगणारं प्लास्टिक कासव खाद्य समजून गिळतं, हे शास्त्रज्ञ कधीपासून सांगत आहेत. तेव्हा संबंध नाही असं म्हणताना आपण आपल्या बांधावरच्या कचऱ्याची जबाबदारीच झटकतो.

दुसऱ्या बाजूनंही संबंध आहे. आपला पाऊस त्याच समुद्रावरून येतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचा वारा-पाऊस नाशिक जिल्ह्यापर्यंत पोचला. आठवडे बाजारात सुकट आणि सुके बोंबील विकायला असतात, ते घेणाऱ्या मजूर बायांना समुद्र लांबचा वाटत नाही, तो त्यांच्या कालवणात असतो. पोळ्याला बैलाच्या गळ्यात आपण कवड्यांची माळ घालतो. ती कवडी म्हणजे समुद्रातल्या जिवंत गोगलगायीचं कवच. मालदीवच्या उथळ पाण्यातून ती जहाजं भरून यायची आणि बंगाल-ओडिशाकडे शतकानुशतकं सुट्टे पैसे म्हणून चालायची. भारतातल्या गरिबाचं सर्वांत छोटं नाणं समुद्री जीवच होता. तो आमच्या गोठ्यापर्यंत पोचला आणि आम्ही म्हणतो, संबंध काय!

कोकणातल्यांनी बघावं हेही खरं नाही, कारण कासव जिल्ह्याची हद्द मानत नाही. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीतल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. भारताच्या अख्ख्या दक्षिण टोकाला वळसा घालून ती आली होती. असा जीव एखाद्या तालुक्याच्या मालकीचा नसतो. देशाच्या नाण्यावर येण्याचा त्याचा हक्क वाघाइतकाच आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसांचा. ते म्हणतात, इतकी वेगवेगळी चित्रं आणली की लोक गोंधळतात, दहा रुपयांच्या नाण्याचं काय झालं ते आठवा. आठवतंय. दहा रुपयांचं नाणं ‘चालत नाही’ म्हणून किती दुकानांत परत दिलं गेलं! दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, नसलेलं खोटं, अशा अफवा. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की चौदा वेगवेगळ्या चित्रांची दहा रुपयांची नाणी निघाली आहेत आणि ती सगळीच वैध आहेत. पण या गोंधळाला चित्रांची विविधता जबाबदार नाही. नाणं आधी आलं, माहिती मागाहून, आणि मधल्या काळात अफवेनं जागा घेतली. नवं नाणं काढताना त्याचं मोठं चित्र प्रत्येक बँकेत, पोस्टात, एसटी स्टँडवर आणि शाळेच्या फळ्याशेजारी लावलं असतं तर कुणी नाकारलं नसतं. ज्या देशात नेहरू, आंबेडकर, ज्ञानेश्वर आणि शिवाजी महाराजांची नाणी सुरळीत चालली, तिथली जनता कासवाला पाहून गोंधळेल असं मानणं हा जनतेचा अपमान आहे.

‘आता सगळे मोबाइलवर पैसे देतात, नाणं कोण वापरतं?’ असंही विचारलं जातं. जून २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचं चिन्ह असलेली एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची नाणी खास चलनासाठीच काढण्यात आली. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं क्यूआर कोड दाखवून चिल्लर देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला, कारण तिला नाणी लोकांपर्यंत पोचवायची आहेत. एसटीचा कंडक्टर आजही सुट्टे मागतो. नाणी पाडायचीच आहेत, धातू लागणारच आहे, ठसे नव्यानं करावेच लागतात. प्रश्न फक्त ठशावर काय असावं एवढाच उरतो. वीस रुपयांच्या नाण्यावर धान्याची कणसं आली तेव्हा आम्हा शेतकऱ्यांच्या मुलखात बरं वाटलं. कोळ्याच्या मुलखालाही तसं वाटू द्या.

कोणते जीव घ्यावेत, याबद्दल माझी पसंती सांगतो. रुपयावर ऑलिव्ह रिडले कासव. दोन रुपयांवर पापलेट, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून मान दिलेला. बारकी पापलेटं मारली जातात म्हणून पकडण्याच्या किमान आकाराचा नियम करावा लागलेला हा मासा आहे. पाच रुपयांवर समुद्रगाय. तमिळनाडूनं पाल्कच्या उपसागरात २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र तिच्यासाठी केलं. समुद्रगवतावर चरणारा हा लाजाळू प्राणी भारतात किती उरला आहे, हे जाणून घ्यायची इच्छा तरी नाण्यामुळे होईल. देवमुसा पुढच्या फेरीत यावा. संग्राहकांसाठी याच चित्रांची चांदीची आवृत्ती जरूर काढा, मीही घेईन. पण आधी चलनातली, मग पेटीतली.

नाणी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि ते काम अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग पाहतो. देवळ्याचा मतदार दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतो. ग्रामपंचायतींनी, शाळांनी, बाजार समितीनं आपल्या खासदारांकडे आणि त्या विभागाकडे एका पानाची पत्रं पाठवावीत, मराठीतच पाठवावीत. समुद्र नसलेल्या तालुक्यातून समुद्रासाठी पत्रं गेली तर त्यांची दखल घ्यावी लागेल. आणि तोपर्यंत, दुकानदार भावांनो, दहा रुपयांचं नाणं परत देऊ नका. ते चालतं.